वन पंच मॅन ३, हिरो अकॅडेमियाचा शेवट आणि बाकीची मारधाड : नवीन एपिसोड्सवर बोला (स्पॉयलर आहेत, आधीच सांगतोय)

घोडबंदरी_गारू
धागा काढू की नको करत होतो, कारण इथे ॲनिमेचं (जपानी कार्टून मालिकांचं) नाव काढलं की दहा प्रतिसादांत वादाचं काश्मीर होतं. पण वन पंच मॅनच्या तिसऱ्या सीझनने डोकं इतकं फिरवलंय की कुठेतरी बोलायलाच हवं. दुसरा सीझन २०१९ ला संपला, त्यानंतर सहा वर्षं वाट बघितली राव. तेवढ्या वेळात आमच्या घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहून वर गाडीची चाचणी पण झाली, आणि यांनी सहा वर्षांनी काय दिलं, तर गारू हा खलनायक टेकडीवरून घसरत खाली येतोय, आणि त्याचा ना हात हलत, ना पाय, ना केस, एक चित्र घेतलंय आणि ते तिरकं खाली सरकवलंय. मी मोबाईल हलवून बघितला, म्हटलं नेट अडकलं का काय.

ज्यांनी चित्रकार मुराताचा मांगा (जपानी कॉमिक) वाचलाय त्यांनाच कळेल काय वाट लावलीये ते. त्या माणसाची पानं भराभर उलटली तर कागदावर मारामारी चालू असल्यासारखी दिसते. इथे उलटं, टीव्हीवर आणून ती थांबवली. तुमचं काय मत? आणि नुसतं वन पंच मॅन नाही, या वर्षी, २०२५ मध्ये, जे जे मारधाडीचं बघितलंत त्यावर लिहा.

कोपरी_कटिंग
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तलावपाळीकर
भावा तुझा राग समजतो, पण पहिला सीझन डोक्यातून काढ आधी. २०१५ चा तो सीझन मॅडहाउस स्टुडिओने केला होता आणि दिग्दर्शक शिंगो नात्सुमेने आपल्या ओळखीपाळखीचे बाहेरचे एकसे एक ॲनिमेटर गोळा करून आणले होते. तसं रोज रोज जमत नसतं. दुसऱ्या सीझनपासून जे.सी. स्टाफ स्टुडिओकडे गेलं तेव्हाच कळायला हवं होतं. आता दर आठवड्याला त्याच मापाने मोजत बसलास तर त्रास तुलाच होणार.

शिवाय मला गोष्ट अजून आवडतेय. राक्षस संघटनेचा भाग, त्या तारेओ नावाच्या पोराला वाचवायला गारू स्वतः अर्धमेला असताना उभा राहतो, रॉयल रिपर आणि बग गॉड दोघं त्याला तुडवत असतात, तरी. हा "मी राक्षस होणार" म्हणून फिरणारा माणूस आणि करतो काय तर हिरोचं काम. ते चित्र हललं काय नि नाही हललं काय, मला पोचलं.

घोडबंदरी_गारू
@तलावपाळीकर पोचलं कारण तू मांगा वाचलायस. डोक्यात आधीच चित्र आहे तुझ्या, टीव्हीने फक्त आठवण करून दिली. माझ्या बहिणीने मांगा वाचलेला नाही, ती शेजारी बसून बघत होती, तिने विचारलं हा एवढा ओरडतोय का, कारण मार लागलेला दिसतच नाहीये. ठोसा सुटतो, मग पांढरा फ्लॅश, मग समोरचा भिंतीत. मधलं काय? मारामारीत मधलंच तर बघायचं असतं.

आणि ज्या सीरिजचा नायक सैतामा सगळ्यांना एका ठोशात आडवा करतो तिथे तर समोरच्याचा दरारा अजूनच नीट दाखवायला हवा. पहिल्या सीझनमध्ये बोरोस हा व्हिलन केवढा मोठा वाटायचा, म्हणून सैतामाचा कंटाळलेला चेहरा विनोदी वाटायचा. इथे राक्षसच पुठ्ठ्याचे दिसतायत, सैतामा कंटाळला तर त्यात नवल काय, मी पण कंटाळलोय.

ऐरोलीचा_रोटोवाला
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी ऐरोलीला एका छोट्या स्टुडिओत कंपोझिटिंग (चित्राचे वेगवेगळे थर जुळवून एक दृश्य बनवणं) करतो, ॲनिमे नाही, बाहेरच्या सीरिजचं रोटो-क्लीनअप वगैरे, पण डेडलाइन नावाचं जनावर सगळीकडे सारखंच. म्हणून थोडं सांगतो, लांबलं तर सोडून द्या.

एका सेकंदात २४ फ्रेम असतात. जपानी टीव्ही ॲनिमेत प्रत्येक फ्रेमला नवीन चित्र कधीच नसतं, एक चित्र दोन फ्रेम धरतात म्हणजे सेकंदाला १२, किंवा तीन फ्रेम धरतात म्हणजे ८, आणि नुसतं बोलणं चालू असेल तर ओठ सोडून काही हलवत नाहीत. ही काही चोरी नाही, यातच त्यांची सगळी कला आहे, कुठे पैसे आणि माणसं ओतायची आणि कुठे हात राखायचा. एका एपिसोडला साधारण ३०० च्या आसपास कट असतात. प्रत्येक कटचा आधी लेआउट, मग मुख्य पोझेस म्हणजे की-ॲनिमेशन, ते ॲनिमेशन डायरेक्टर तपासून दुरुस्त करतो, मग मधली चित्रं म्हणजे इनबिटवीन, मग रंग, मग कंपोझिटिंग. आता वरच्या माणसाने लेआउट दोन आठवडे उशिरा दिला तर खालच्या सगळ्यांचे दोन आठवडे गेले, टेलिकास्टची तारीख काही पुढे सरकत नाही. मग पहिली काय उडतात तर इनबिटवीन, आणि तुम्हाला दिसतो टेकडीवरून घसरणारा पुतळा.

म्हणजे "सहा वर्षं होती की" या वाक्याला अर्थ नाही. दोन सीझनमध्ये सहा वर्षं गेली म्हणजे सहा वर्षं काम चालू होतं असं नसतं. स्टुडिओत एकाच वेळी चार-पाच मालिका चालू असतात आणि चांगले की-ॲनिमेटर बरेचसे फ्रीलान्स, त्यांचं बुकिंग लग्नाच्या हॉलसारखं आधीपासून झालेलं असतं.

आणि एक. बहुतेक ॲनिमेला पैसा लावते प्रॉडक्शन कमिटी, म्हणजे प्रकाशक, म्युझिक कंपनी, चॅनल असे सगळे मिळून. स्टुडिओला बऱ्याचदा ठरलेली रक्कम मिळते, सीरिज हिट झाली तरी वरचं लोणी दुसरेच खातात. त्यामुळे स्टुडिओच्या नावाने शिव्या घालताना जरा बघून घाला.

घोडबंदरी_गारू
वा, हे माहीत नव्हतं इतकं. पण दादा, मग डेमन स्लेयरवाल्या युफोटेबल स्टुडिओला कसं जमतं?

ऐरोलीचा_रोटोवाला
त्यांना जमतं कारण ते कमी कामं घेतात आणि डिजिटल, सीजी, कंपोझिटिंग सगळं घरच्या घरी करतात. शिवाय डेमन स्लेयरच्या कमिटीत निर्माती कंपनी अनिप्लेक्स आणि प्रकाशक शुएइशा यांच्याबरोबर युफोटेबल स्वतः आहे. स्वतःचं घर बांधताना माणूस वाळू चाळून घेतो.

नेरूळची_नेझुको
डेमन स्लेयरचं नाव निघालं आणि मी आले नाही असं होईल का 😄

डेमन स्लेयरचा पिक्चर इन्फिनिटी कॅसल भारतात १२ सप्टेंबर २०२५ ला आला तेव्हा मी आणि माझा भाऊ वाशीला पहाटेच्या शोला गेलो होतो. आई म्हणाली काकड आरतीला कधी उठला नाहीत एवढ्या लवकर. थिएटर फुल्ल. अर्ध्या पोरांच्या अंगावर नायक तांजिरोचा हिरवा-काळा चौकटीचा हाओरी (जपानी अंगरखा), पाऊस पडतोय, रिक्षातून उतरताना एकाची तलवार दारात अडकलेली आणि रिक्षावाला काका शांतपणे म्हणतायत सावकाश घ्या, मोडेल.

पिक्चर २ तास ३५ मिनिटांचा आहे. शिनोबू आणि डोमा, झेनित्सू आणि काइगाकू, शेवटी तांजिरो-गियू विरुद्ध अकाझा हा राक्षस. किल्ला असा फिरतो की खाली काय आणि वर काय तेच कळेना, पोटात गोळा आला होता माझ्या. पण मला वाद घालायचाय तो अकाझाच्या फ्लॅशबॅकवर. अर्ध्या लोकांना तो लांबला वाटला, मारामारी ऐन रंगात आलेली आणि मध्येच थांबवली म्हणून. तुमचं काय?

कोपरी_कटिंग
लांबला म्हणजे काय, मी समोसा आणून, खाऊन, हात धुवून आलो तरी चालूच होता. अरे आम्ही मारामारी बघायला आलोय, त्याच्या बापाचं आजारपण काय बघायचंय. त्यापेक्षा सोलो लेव्हलिंग बघा. दुसरा सीझन, जेजू बेट, मुंग्यांचा राजा सगळ्या मोठमोठ्या हंटर (राक्षस मारणाऱ्या) लोकांना चटणीसारखं वाटतोय आणि मग सावलीतून नायक जिनवू येतो. संगीतकार सावानोचं म्युझिक वाजतं, अंगावर काटा, विषय संपला. उगाच पहिल्या सीझनला ॲनिमे ऑफ द इयर मिळालं नाही २०२५ च्या क्रंचीरोल अवॉर्ड्समध्ये. फ्लॅशबॅक नाही, रडारड नाही, काम चोख.

तलावपाळीकर
सोलो लेव्हलिंगमध्ये मला कधी वाटलंच नाही की जिनवू हरेल. दिसायला झकास, ए-१ पिक्चर्स स्टुडिओने जीव ओतलाय हे मान्य, पण त्या राजाशी मारामारी सुरू झाली तेव्हा मी चहा ठेवायला उठलो आणि तसूभरही चुकल्यासारखं वाटलं नाही. कोण जिंकणार, कसं जिंकणार, नंतर तो मुंगोबा सावली बनून याच्याच पदरी चाकरीला राहणार, सगळं दिसत होतं.

@नेझुकोताई फ्लॅशबॅकला माझं अनुमोदन. आमचे आजोबा ठाण्याच्या देवळात कीर्तनाला न्यायचे, बुवा ऐन भरात आले की थांबायचे आणि आख्यान लावायचे, आम्ही पोरं चुळबुळ करायचो, पण मोठी माणसं त्यासाठीच आलेली असायची. अकाझाचं तसंच आहे. त्याला नुसता हरवायचा नव्हता, आपल्याला त्याची दया यायला हवी होती.

नेरूळची_नेझुको
हेच!! आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली असेल. अकाझा लढायला उभा राहतो तेव्हा त्याच्या पायाखाली बर्फाच्या पाकळीची खूण उमटते, होकायंत्रासारखी, तिच्यावरून त्याला समोरच्याचा लढण्याचा आवेश कळतो. आधीच्या मुगेन ट्रेन पिक्चरमध्ये पण दिसली होती, तेव्हा आपण म्हटलं छान डिझाइन आहे. फ्लॅशबॅकमध्ये कळतं की कोयुकीच्या केसातल्या पिनेचा आकार तोच. त्याच्या डावांची नावं फटाक्यांवरून आहेत कारण त्या दोघांनी फटाके बघितले होते. म्हणजे हा माणूस सगळं विसरलाय, बायको होणार होती ती विसरलाय, सासरा-गुरू विसरलाय, आणि तरी शेकडो वर्षं तिचीच पिन पायाखाली घेऊन लढतोय. हे कळल्यावर आधीची अख्खी मारामारी डोक्यात परत चालू झाली माझ्या. समोसा खात असतास तर हे कुठून कळणार 🙄

कोपरी_कटिंग
समोसा थंड होता तो भाग वेगळा.
पिनेचं माहीत नव्हतं. बरं आहे.

ऐरोलीचा_रोटोवाला
त्याच पिक्चरमधली एक जागा दाखवतो, कारण धागा "हलतं का नाही" वरून सुरू झालाय. तांजिरो शेवटी अकाझाचं मुंडकं उडवतो तो क्षण आठवा. त्याआधी काय धुमाकूळ चालू असतो, कॅमेरा गरागरा, ठिणग्या, पाणी, आग. आणि मग तांजिरोच्या मनातला आवेशच निघून जातो, अकाझाच्या होकायंत्राला तो सापडेनासा होतो, आणि सगळं थांबतं. आवाज पण. तिथे चित्र जवळजवळ हलत नाही. पण कुणी म्हटलं का पैसे वाचवले म्हणून? नाही, कारण आधी इतकं पळवल्यावर थांबवलंय. वन पंच मॅनमध्ये आधीचं पण थांबलेलं आणि नंतरचं पण थांबलेलं, त्यामुळे थांबण्याची किंमतच राहत नाही.

खारघरची_काकू
नमस्कार मंडळी. मी इथे पाककृतीच्या बाजूला असते, वाट चुकून आले. माझा मुलगा दहावीला आहे आणि हे सगळं बघतो. आधी मी ओरडायचे, मग म्हटलं बघू तरी काय आहे, आता त्याच्यापेक्षा मीच जास्त बघते. आमच्याकडे माय हिरो अकॅडेमियाचा शेवटचा सीझन नुकताच संपला, मागच्या शनिवारी, १३ डिसेंबरला.

तुम्ही सगळे चित्राचं बोलताय, मला त्यातलं कळत नाही. मला त्या हिरोंच्या शाळेतला मास्तर ऑल माइट आवडतो. काय तो ताडमाड माणूस, आणि शक्ती गेल्यावर नुसता हाडांचा सापळा राहिलेला, रक्ताच्या उलट्या करणारा. या सीझनच्या सुरुवातीला तो लोखंडी चिलखत घालून त्या ऑल फॉर वन नावाच्या व्हिलनपुढे एकटा उभा राहतो, अंगात शक्ती शून्य. आणि त्या चिलखतातलं एकेक हत्यार वर्गातल्या एकेका मुलाच्या शक्तीवरून केलेलं. मी २२ वर्षं शाळेत शिकवतेय. ज्या मुलांना शिकवलं त्यांच्याकडून उसनं घेऊन मास्तर लढायला निघालाय, हे बघून मला जे भरून आलं, मुलगा म्हणाला आई ही ॲक्शन सीरिज आहे.

घोडबंदरी_गारू
काकू एक नंबर. तो एपिसोड मलाही आवडला, बोन्स स्टुडिओने शेवटपर्यंत दर्जा धरून ठेवला हे मानायलाच हवं, २०१६ पासून चालू होती सीरिज, एवढ्या वर्षांत बहुतेक जण ढेपाळतात. बाकुगो हा त्याच वर्गातला पोरगा येऊन ऑल फॉर वनला असा पिदडतो की तो तरुण होत होत शेवटी तान्हं बाळ होऊन नाहीसा होतो, ते तर अफाट.

पण शेवट नाही पटला. नायक डेकू एवढं सगळं करतो, जग वाचवतो, आणि मिळतं काय तर शक्ती गेली आणि मास्तर झाला. आठ वर्षांनी पोरं वर्गणी काढून त्याला शक्ती देणारा सूट देतात म्हणून पुन्हा हिरो. मांगा २०२४ मध्ये संपला तेव्हाही हेच वाटलेलं, वाटलं ॲनिमेत बरं करतील.

खारघरची_काकू
मास्तर झाला म्हणजे हरला का रे?

कोपरी_कटिंग
😂😂😂 गारू आता टेकडीवरून घसरतोय, आणि या वेळी ॲनिमेशन फुल आहे

घोडबंदरी_गारू
अहो काकू तसं नाही हो म्हणायचं मला 🙏 म्हणजे नायकाला मोबदला मिळायला हवा ना काहीतरी.

खारघरची_काकू
शाळेत मोबदला किती मिळतो ते मला विचार. पण तुझं म्हणणं माझ्या मुलाचं पण आहे, तो दोन दिवस गाल फुगवून बसला होता. मला मात्र तेच बरोबर वाटलं. ज्या पोराला लहानपणी डॉक्टरांनी सांगितलं तुझ्यात शक्ती नाही, तो मोठा होऊन तशाच पोरांपुढे उभा राहतो. आणि वर्गणी काढणारी मुलं मिळाली हे कमी आहे का? माझ्या निरोप समारंभाला चहा-बिस्किटावर भागवतील.

तलावपाळीकर
काकूंना +१००.

आता वन पीसबद्दल कुणीच कसं बोललं नाही. कुमाचा फ्लॅशबॅक बघितला का कुणी या वर्षी? आणि नंतर तो मनाने मेलेला, नुसतं यंत्र झालेला माणूस पोरीसाठी रेड लाइनचा डोंगर चढून एग्हेड बेटावर येतो आणि त्या सॅटर्न नावाच्या व्हिलनला ठोसा हाणतो. रोटोवाले दादा म्हणतायत तसं, ठोसा एकच, पण त्याच्यामागे किती एपिसोड साठवलेले. त्यासाठी मी त्यांचे तेच तेच चकित चेहरे आणि अर्धा अर्धा मिनिट धावणारी धूळ सगळं माफ केलं.

ऐरोलीचा_रोटोवाला
वन पीस १९९९ पासून जवळजवळ दर आठवड्याला चालू आहे, म्हणून ती धूळ. मांगाच्या फार जवळ गेलं की थांबता येत नाही, मग ताणतात. ऑक्टोबरच्या शेवटी तोएई स्टुडिओने जाहीर केलंय की जानेवारी ते मार्च २०२६ सुट्टी, एप्रिलपासून एल्बाफचा भाग सुरू आणि वर्षाला जास्तीत जास्त २६ एपिसोड. एवढी वर्षं आठवड्याचा रतीब घालणाऱ्यांना सुद्धा शेवटी कळलं. मला तरी या वर्षातली ही सगळ्यात चांगली बातमी वाटते, कुठल्याही एपिसोडपेक्षा.

शिबुयाच्या भागाच्या वेळचं आठवतं ना? नोव्हेंबर २०२३ ला जुजुत्सू कायसेन चालू असताना मप्पा स्टुडिओचे ॲनिमेटर स्वतःच सोशल मीडियावर उघड बोलायला लागले होते कामाच्या हालांबद्दल. आपण इथे सुकुना-महोरागाची मारामारी बघून टाळ्या वाजवत होतो. मी पण वाजवल्या. तेव्हापासून फार सुंदर एपिसोड बघितला की आधी क्रेडिट्समध्ये ॲनिमेटर्सची यादी किती लांब आहे ते बघतो. यादी भलतीच लांब असली की समजायचं शेवटच्या आठवड्यात आग लागली होती आणि दिसेल त्याला बादली दिली होती.

घोडबंदरी_गारू
म्हणजे वाईट दिसलं तर वेळ नव्हता आणि चांगलं दिसलं तर माणसं पिळली. मग बघायचं काय आम्ही?

ऐरोलीचा_रोटोवाला
डांडाडान बघ. सायन्स सारू स्टुडिओचं आहे. दुसरा सीझन जुलै ते सप्टेंबर चालला. त्यात भूत उतरवायला मांत्रिक म्हणून चक्क हेवी मेटल बँड येतो आणि मारामारी गाण्याच्या ठेक्यावर चालते. एक्स जपान बँडशी इतकं साम्य होतं की खुद्द त्या बँडच्या योशिकीने त्यावर विचारणा केली. त्यात प्रत्येक कट फार बारीक नाही काढलेला, बऱ्याच ठिकाणी रेषा मुद्दाम वेड्यावाकड्या, हातपाय रबरासारखे ताणलेले, पण कोण कुठे उभा आहे, खोली केवढी आहे, कोण कुणाच्या अंगावर चाललाय, हे एकदाही हरवत नाही. कमी चित्रांत काम करायचं तर हे लागतं. वन पंच मॅनमध्ये मला तेच सगळ्यात जास्त खटकलं, चित्रं कमी आहेत हे एक वेळ चालवून घेऊ, पण गारूपासून राक्षस किती लांब आहे हेच दर कटला बदलतं.

नेरूळची_नेझुको
डांडाडानला माझं पण मत. तो बँडवाला एपिसोड भावाने इतक्या वेळा लावला की शेजारच्या आजींनी विचारलं तुमच्याकडे गणपतीची प्रॅक्टिस चालू झाली का.

कोपरी_कटिंग
जुजुत्सू ३ कधी? कलिंग गेम ना?

घोडबंदरी_गारू
८ जानेवारी २०२६. फ्रीरेन २ पण १६ ला आहे. मी तर म्हणतो जुजुत्सूसाठी वेगळा धागा काढू, हा आधीच मारुतीच्या शेपटासारखा झालाय. मांगा वाचलेल्यांनी तोंड बंद ठेवायचं, विशेषतः @तलावपाळीकर. माकी या पात्राचं जे काय आहे ते आम्हाला कळू नये.

तलावपाळीकर
मी काही बोललोय का? फक्त एवढंच सांगतो, माकीचं झेनिन घराणं आलं की फोन बाजूला ठेवून बघा.

घोडबंदरी_गारू
झालं. बोललाच.

खारघरची_काकू
जानेवारीत आमच्याकडे प्रिलिम आहे आणि फेब्रुवारीत बोर्ड. तोवर घरात हे सगळं बंद.

नेरूळची_नेझुको
काकू त्याचं बंद, तुमचं कशाला? तो अभ्यास करेल तेव्हा तुम्ही हेडफोन लावून बघा.

खारघरची_काकू
पासवर्ड त्याच्याकडे आहे ना. आणि मागितला तर म्हणतो, आधी प्रिलिमनंतर किती तास बघू देणार ते लिहून दे.